शंका असल्यास नाहीं म्हणावें

प्रश्नाचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढ्यांतच द्यावयाचें असलें म्हणजे तें देणें सोपें, असा एक सार्वत्रिक समज आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत एकदां उभा राहिलेला मनुष्य या समजावर विश्वास ठेवणार नाहीं. आणि लिनक्सचा कर्नल स्वतःच्या हातानें घडविण्याचा ज्यास छंद आहे, तोही ठेवणार नाहीं. आम्ही या दुसऱ्या वर्गांत मोडतों. हा छंद आम्हांस कसा जडला हें सांगण्यांत वाचकांचा वेळ घेत नाहीं. परंतु त्यापायीं एक प्रश्नपत्रिका आम्हांस वारंवार सोडवावी लागते, आणि तिच्यांतील एका प्रकरणानें आम्हांस जितका विचार करावयास लावलें तितका पुष्कळ जाडजूड ग्रंथांनीं लावलेला नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

कर्नल म्हणजे संगणकाच्या व्यवस्थेचा गाभा. आपण पत्र लिहितों, चित्र पाहतों, गाणें ऐकतों, त्या प्रत्येक कामामागें एकेक आज्ञावली असते. पण यांपैकीं एकीसही यंत्रास थेट हात लावण्याची मुभा नसते. स्मृतीचा तुकडा हवा, तबकडीवर साठविलेला मजकूर हवा, तारेवरून निरोप धाडावयाचा, तर कर्नलपाशीं अर्ज करावा लागतो. जुन्या वाड्यांत देवडीवरचा पहारा आणि आंतला कारभार हीं दोन्ही कामें एकाच माणसाकडे सोंपवावीं, तसा हा प्रकार आहे. लायनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं हेलसिंकी येथें विद्यार्थिदशेंत या कर्नलास आरंभ केला. त्याची मूळ संहिता सर्वांस खुली असल्यामुळें कोणीही ती उतरवून घ्यावी, आपल्या यंत्रास हवें तेवढें ठेवावें, नको तें गाळावें, आणि अंगास बेतून अंगरखा शिवावा तसा आपल्या मापाचा कर्नल कंपायलरकडून तयार करून घ्यावा, अशी सोय आहे. त्यासाठीं जी प्रश्नावली आहे तिच्यांत दहा हजारांहून अधिक कलमें आहेत. सर्वच कलमें प्रत्येकापुढें येत नाहींत, आणि बहुतेकांचीं उत्तरें आगाऊ भरलेलीं असतात, ही देवाची कृपा. अमुक जातीचें ध्वनियंत्र आहे काय, तमुक कंपनीची तबकडी आहे काय, असे पुष्कळसे प्रश्न. यंत्राचें झाकण उघडून पाहिलें कीं उत्तर सांपडतें.

‘सिक्युरिटी ऑप्शन्स’ या मथळ्याच्या प्रकरणांतील उत्तरें मात्र झाकण उघडून सांपडत नाहींत. तुम्हांस कोणाचें भय वाटतें, आणि त्या भयापायीं तुम्ही किती गैरसोय सोसाल, हें तेथें विचारलेलें असतें. प्रत्येक कलमाखालीं एक टिपण असतें, आणि टिपणाच्या शेवटीं गोंधळलेल्या मनुष्यासाठीं सल्ला असतो. या प्रकरणांतील पुष्कळ जुन्या कलमांखालीं तो सल्ला एकच आहे: उत्तराविषयीं शंका असल्यास नाहीं म्हणावें. आम्हीं तो प्रथम वाचला तेव्हां आम्हांस हंसूं आलें. दारास कडी घालावी कीं नाहीं अशी शंका आल्यास घालूं नका, असें सांगणारा शेजारी कोणास भेटला आहे?

पुढें कळलें कीं या सल्ल्यास एक तत्त्व आहे. काल चालत असलेली आज्ञावली आज नव्या कर्नलमुळें बंद पडतां कामा नये, असा टोरवाल्ड्स यांचा फार जुना दंडक आहे, आणि त्यावरून त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांस कडक शब्दांत फटकारल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. प्रत्येक नवा बंदोबस्त कोणाची तरी वाट अडवितो. तेव्हां ज्यास आपणांस काय हवें हें ठाऊक नाहीं, त्यास तो काल जेथें होता तेथेंच राहूं द्यावें, हा त्यांतला हेतु. हेतु रास्त आहे. परंतु शंकेच्या जाती दोन असतात. हा बंदोबस्त घातल्यास आपलें काम अडेल काय, ही एक. आणि तो न घातल्यास आपल्यावर विसंबलेल्या कोणाचें नुकसान होईल काय, ही दुसरी. टिपण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें पहिलीच जात असते, आणि दुसरीविषयीं तें कांहीं बोलत नाहीं.

आमचे एक मित्र आहेत, ते म्हणतात, “अहो, तुमच्यापाशीं चोरण्यासारखें आहे तरी काय?” आमच्या मालकीचें म्हणाल तर खरोखरच कांहीं नाहीं. पण एका दिवंगत संपादकांच्या संग्रहांतील अप्रकाशित पत्रें त्यांच्या घरच्या मंडळींनीं आमच्याकडे विश्वासानें दिलेलीं आहेत, आणि त्यांच्या प्रतिमा आमच्या यंत्रावर आहेत. त्या पत्रांतून ज्यांच्याविषयीं मोकळेपणानें लिहिलें आहे त्यांतलीं कित्येक माणसें हयात आहेत. कोणाचें कर्ज, कोणाचा मोडलेला संसार, कोणाच्या आजाराचें नांव. त्यांस कोणी विचारलेलें नाहीं, आणि त्यांच्या वतीनें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणण्याचें काम आमच्याकडे आलेलें आहे. हें लक्षांत आल्यापासून ती प्रश्नपत्रिका आम्ही निराळ्या मनानें वाचूं लागलों.

कांहीं कलमांविषयीं फार विचार करण्याचें कारण नाहीं. संगणक सुरू होतांना कर्नलनें स्मृतींत दरवेळीं निराळ्या जागीं बसावें, म्हणजे हल्लेखोरास त्याचा ठाव लागूं नये, अशी एक युक्ति २०१४ सालच्या ३.१४ या आवृत्तींत आली. तिला ‘होय’ म्हणावें. पण कर्नल आपली रोजनिशीही लिहीत असतो, आणि तिच्यांत स्वतःच्या जागेचे पत्ते अधूनमधून येऊन जातात. तेव्हां ही रोजनिशी वाटेल त्यानें वाचूं नये असेंही दुसऱ्या एका कलमांत सांगावें लागतें. घर बदलावें आणि नवा पत्ता दारावर लिहून ठेवावा, यांत काय अर्थ? गंमत अशी कीं हीं दोन कलमें एका प्रकरणांत नाहींत, आणि रोजनिशीच्या कलमाखालीं तोच ‘नाहीं’चा सल्ला आहे. तसाच ‘कॅनरी’चा बंदोबस्त. कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, त्यावरून हें नांव पडलें. चळतीवर एक यादृच्छिक संख्या ठेवावयाची आणि काम आटोपून परततांना ती जागच्या जागीं आहे कीं नाहीं हें पाहावयाचें; ती बदललेली दिसली तर कोणीतरी मर्यादा ओलांडून लिहिलें आहे असें समजावयाचें. टिपणांत हिशेबही दिलेला आहे: साधी तपासणी कर्नलच्या सुमारें ३ टक्के कार्यांत बसते आणि आकार ०.३ टक्क्यानें वाढवते. कडक तपासणी सुमारें २० टक्के कार्यांत बसते आणि आकार २ टक्क्यांनीं वाढवते. इतका रोखठोक हिशेब समोर असल्यावर आम्हीं कडक तपासणी पत्करली. वापरून सोडलेली स्मृति तत्काळ पुसून टाकण्यास बहुतेक कामांत वेगाचे ३ ते ५ टक्के मोजावे लागतात असें टिपण सांगतें. तेही आम्हीं मोजले. पत्र वाचून झाल्यावर त्याचा ठसा टीपकागदावर राहूं नये, हें आम्हांस तेवढ्या मोलाचें वाटतें.

यानंतर पहारेकरी निवडण्याचा प्रश्न येतो, आणि तेथें मनुष्य खरा अडखळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें डिसेंबर २००० मध्यें ‘एसई-लिनक्स’ या नांवाची एक पहाऱ्याची योजना संहितेसह सर्वांस खुली केली. पुढल्या वर्षीं ती कर्नलमध्यें घेण्याविषयीं बोलणें निघालें तेव्हां टोरवाल्ड्स यांनीं असें सुचविलें कीं एकाच योजनेस गाभाऱ्यांत स्थान देण्यापेक्षां कोणतीही योजना अडकवितां येईल अशा खुंट्या कर्नलमध्यें ठोकाव्या. त्याप्रमाणें खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि २००३ अखेरच्या २.६ आवृत्तींत एसई-लिनक्स तेथें लटकलें. मागाहून स्मॅक, जपानांतून आलेलें टोमोयो, आणि २०१० सालीं ॲपआर्मर अशीं आणखी मंडळी आली. एसई-लिनक्स प्रत्येक वस्तूवर व प्रत्येक आज्ञावलीवर एक शिक्का मारतें आणि शिक्क्यावरून ओळख पटवितें. ॲपआर्मर वस्तु कोणत्या पत्त्यावर आहे तें पाहून निवाडा करतें. पहिलें अधिक काटेकोर, दुसरें अधिक सुटसुटीत. आणखी एक बारीक गोष्ट: २००८ च्या आरंभींच्या २.६.२४ या आवृत्तीपासून हे पहारेकरी मागाहून बोलावतां येत नाहींत. यंत्र घडवितांनाच त्यांस आंत घ्यावें लागतें.

आतां ज्या संस्थेचें एक मुख्य कार्य दुसऱ्यांचें बोलणें चोरून ऐकणें हें आहे, तिनें पाठविलेला पहारेकरी आपल्या दारीं उभा करावा काय? २०१३ सालीं एडवर्ड स्नोडेन यांनीं त्या संस्थेचे कागद उघड केले, तेव्हां हा प्रश्न पुष्कळांनीं विचारला. त्या वेळीं कलमाच्या मथळ्यांतच संस्थेचें नांव होतें. २०२३ सालीं तें काढून टाकण्यांत आलें. आमचें मत असें कीं नांव राहिलें काय किंवा गेलें काय, संहिता वीस वर्षांहून अधिक काळ जगापुढें उघडी आहे, आणि तिच्यावर उपजीविका असलेल्या, परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या लोकांनीं ती ओळ न् ओळ चाळलेली आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या खिशांत अँड्रॉइडचा फोन असेल त्यांच्याकडे हा पहारेकरी आजही आहे. २०१४ च्या ५.० या आवृत्तीपासून तेथें त्याचा पूर्ण अंमल चालतो. आम्हीं स्वतः घरच्या यंत्रावर ॲपआर्मर ठेवलें, तें संशयामुळें नव्हे. शिक्क्यांचें दप्तर सांभाळण्याइतका कारकुनी उत्साह आमच्यांत नाहीं, एवढेंच.

सारे पहारे चोख ठेवूनही पायाखालचा खडकच फुटका निघतो, हें ३ जानेवारी २०१८ रोजीं जगास कळलें. ‘मेल्टडाउन’ नांवाचा दोष कर्नलमध्यें नव्हता. तो प्रोसेसरमध्यें होता. परवानगी तपासून होण्याआधींच पुढचें काम उरकून ठेवण्याची प्रोसेसरची चपळाई अशी नडली कीं, त्या उरकलेल्या कामाच्या खुणांवरून कर्नलच्या पोटांतलें गुपित साध्या आज्ञावलीस वाचतां येऊं लागलें. कर्नलनें आपला नकाशा साध्या आज्ञावलींच्या नकाशापासून वेगळा काढावा असा उपाय झाला, आणि त्याचें एक नवें कलम आमच्या प्रकरणांत दाखल झालें. रायगडावर हिरकणी उतरून गेल्यावर त्या कड्यावर बुरूज बांधला अशी आख्यायिका आहे, तिची आम्हांस आठवण झाली. अशा बुरुजांची संख्या पुढें इतकी वाढली कीं २०२४ मध्यें प्रोसेसरच्या दोषांवरील उपायांची एक स्वतंत्र यादीच नीट लावावी लागली.

परंतु ज्या कलमापाशीं आमचा हात सर्वांत अधिक वेळ थांबला तें ‘लॉकडाउन’ होय. (२०२० पासून हा शब्द मराठी घराघरांत निराळ्या आठवणींसह शिरला आहे, कर्नलमधला त्याच्या आधींचा.) इतर कलमें परक्यांविरुद्ध आहेत. हें कलम यंत्राच्या मालकाविरुद्ध आहे. तें लागू झालें कीं सर्वाधिकारी रूट यासही चालत्या कर्नलमध्यें हात घालतां येत नाहीं. आणि एकदां कडक केलेला अंमल यंत्र पुन्हां सुरू करीपर्यंत सैल होत नाहीं. हें यंत्राच्या ‘सिक्युअर बूट’शीं जखडून टाकावें या सूचनेस टोरवाल्ड्स यांनीं २०१८ सालीं जोराचा विरोध केला, अखेर ती सांगड सोडून देऊन नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ आवृत्तींत ही सोय आली. स्वातंत्र्याच्या प्रीतीनें ज्यानें हा छंद धरला त्यानें आपलेच हात बांधून घेण्याच्या कागदावर सही करावी, हें प्रथमदर्शनीं विपरीत दिसतें. यंत्र आमचें, संहिता आम्हीं घडविलेली, आणि दारावर अडविलें जावयाचें तें आम्हींच!

पण कर्नलच्या बाजूनें पाहा. त्यास मालकाचें तोंड दिसत नाहीं; मालकाचा पोशाख तेवढा दिसतो. कोणा सदोष आज्ञावलीच्या भोंकांतून शिरून जो रूटचा पोशाख चढवील तो त्याच्या दृष्टीनें मालकच. आमचा हात अडविल्याशिवाय त्या तोतयाचा हात अडविणें त्यास शक्य नाहीं. ही किंमत किती, हेंही आम्हांस ठाऊक होतें. यंत्राची सारी स्मृति तबकडीवर लिहून ठेवून वीज बंद करावी आणि दुसऱ्या दिवशीं अर्ध्या वाक्यापासून पुढें लिहावें, ही आमची जुनी आवडती सोय लॉकडाउनखालीं बंद होते, कारण तबकडीवरच्या त्या प्रतींत रात्रींतून कोणी फेरफार केला तर कर्नलास कळण्याचा मार्ग नाहीं. मित्रांच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका यंत्रावर, ज्यावर आम्ही केवळ प्रयोग करतों, हें कलम आम्हीं मोकळें ठेवलें. पत्रांच्या यंत्रावर ‘होय’ लिहिलें. तेव्हांपासून रोज रात्रीं सर्व कामें मिटवून यंत्र बंद करावें लागतें, आणि घरांतील मंडळींच्या मतें आम्ही त्यामुळें वेळेवर जेवूं लागलों आहों.

यापुढें एकच गोष्ट राहिली, ती किल्लीची. कर्नलमध्यें मागाहून जोडावयाच्या तुकड्यांवर, म्हणजे मॉड्यूलांवर, सही असल्याशिवाय त्यांस आंत घेऊं नये असा नियम घालतां येतो, ३.७ आवृत्तींत, डिसेंबर २०१२ मध्यें, ही सोय आली. सहीची किल्ली निराळी न दिल्यास घडणावळीच्या वेळीं आपोआप तयार होते, आणि खाजगी किल्ली संहितेच्याच फडताळांत पडून राहते. ती तेथून हलवा किंवा नष्ट करा असें कर्नलच्या कागदपत्रांत सांगितलेलें आहे. पण हा प्रश्न विचारणारें कलम नाहीं, आणि त्यामुळें पुष्कळांकडे कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीवर असतात. आम्ही ती पेन-ड्राइव्हवर उतरवून मूळ प्रत पुसून टाकतों. तो पेन-ड्राइव्ह कपाटांत, घराच्या खरेदीखताशेजारीं असतो.

नवी आवृत्ति साधारण नऊदहा आठवड्यांनीं निघते. जुनीं उत्तरें सांगून ठेवलीं म्हणजे प्रश्नावली फक्त नवे प्रश्न विचारते, ही तिची सभ्यता आम्हांस आवडते. मागच्या खेपेस असे नवे प्रश्न आले त्यांत एका कलमाचें टिपण आम्हीं तीनदां वाचलें. तरी तो बंदोबस्त कोणाविरुद्ध आहे आणि त्यानें काय अडेल, यांतलें कांहींच उमगेना. तेथें आम्हीं मुकाट्यानें ‘नाहीं’ म्हटलें, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलों.