सोपें नांव

मुलीचें नांव उच्चारावयास सोपें, कानास मृदु आणि अर्थानें स्पष्ट असावें, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे; त्या सोपेपणास तेथें 'सुखोद्य' असा मोठा गोड शब्द योजिला आहे. मुलग्याच्या नांवास मात्र ही अट नाहीं. पारस्कर गृह्यसूत्र उघडावें, तर मुलग्याच्या नांवाचीं अक्षरें दोन किंवा चार असावींत, आरंभीं घोष वर्ण असावा, मध्यें य, र, ल, व यांपैकीं कोणी असावा, असा बंदोबस्त आढळतो. पतंजलीनें तर महाभाष्याच्या आरंभींच अशा नियमांचा आधार घेऊन, मुलाचें नांव ठेवावयाचें म्हणजे व्याकरण शिकलेंच पाहिजे, असें सिद्ध केलें. नांव ठेवणाऱ्याची एवढी काळजी वाहणाऱ्या या विद्वान् मंडळींस, तें नांव घेऊन हांक मारणाऱ्याच्या जिभेचा विचार कसा सुचला नाहीं, याचें नवल आम्हांस गेल्या वर्षीं प्रथम वाटलें.

आमचा मुलगा ज्ञानेश जर्मनींत म्युनिक येथें नोकरीस आहे. तेथें त्याला पुत्र झाला. इकडे आम्हीं मनांतल्या मनांत बारशाची तयारी चालविली होती, तों त्याचा निरोप आला: "बाबा, नांव आपलेंच असूं द्या, पण येथल्या माणसाला कागदावर पाहून पहिल्या खेपेस बिनचूक वाचतां आलें पाहिजे. महिन्याच्या आंत नोंद करावी लागते."

खरें सांगावयाचें तर ही अट वाचून आमचें पित्त खवळलें. जगांतील यच्चयावत् लोकांनीं आपापलीं नांवें जशींच्या तशीं ठेवावींत, आणि आम्हींच तेवढीं आमचीं तासून गुळगुळीत करावींत, हा कोणता न्याय? चायकोव्स्की नि दोस्तोएव्स्की यांनीं आपलीं नांवें कोणासाठीं आंखडतीं घेतलीं? ज्यास गरज लागते त्याची जीभ आपोआप वळते. आणि न वळली तरी बिघडतें कोठें? पेशवाईंत आमच्याच पूर्वजांनीं एल्फिन्स्टनसाहेबास 'अल्पिष्टन' केलें, फ्रेंच सेनानी बुसी यास 'मुसाबुसी' म्हटलें. इंग्रजांनीं शिंद्यांचे 'सिंदिया' आणि पुण्याचें 'पूना' करून त्याची फेड केली. मिनँडर या यवन राजाचें पालि ग्रंथांत 'मिलिंद' झालें, आणि तें इतकें साजलें कीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, स्थापिलेल्या महाविद्यालयाचें तेंच नांव आहे. आणि ज्या घरीं मिनँडर हा शब्द कोणीं ऐकला नाहीं, तेथेंहि मिलिंद नांवाचा एखादा मामा किंवा काका सांपडतो. परक्या जिभेवर पडून नांवें मरत नाहींत, असा आमचा सिद्धांत आम्हीं ज्ञानेशास सविस्तर लिहून कळविला.

उत्तर लेखी आलें नाहीं. त्यानें व्हिडिओ कॉल केला, आणि सूनबाई बाळास घेऊन शेजारच्या खोलींत गेल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुमच्या त्या राजांचें ठीक आहे. मला माझें नांव रोज ऐकावें लागतें." त्याच्या नांवाचें रोमन लेखन डी, एन, वाय अशा एकापुढें एक तीन अक्षरांनीं सुरू होतें. तें पाहतांच तेथील मनुष्य थबकतो, मग ओशाळतो, मग हंसून विचारतो कीं, एखादें लहान नांव आहे काय? कचेरींत पहिल्याच आठवड्यांत त्याचा 'डॅनी' झाला. लोक सज्जन आहेत, त्यांत कुचेष्टा मुळींच नाहीं, हें त्यानें दोनदां सांगितलें. मग म्हणाला, "नऊ वर्षें झालीं. घराबाहेर मला माझ्या नांवानें कोणी हांक मारीत नाहीं. डॅनी म्हटलें कीं मी वळून पाहतों, पण दर वेळीं अर्धा क्षण उशिरा."

सोपें नांव तो मागत होता तें जर्मन माणसाच्या सोयीसाठीं नव्हे. मुलाला आपलें नांव पुरतें ऐकूं यावें, म्हणून.

मग आम्ही कामास बसलों. जर्मन वाचनाचे नियम सूनबाईनें कळविले होते. रोमन जे दिसला कीं तेथें 'य' म्हणतात. आरंभींच्या एस् पुढें स्वर आला तर 'झ', म्हणजे समीराचा झमीर. व्ही पुष्कळदां 'फ' होतो. शेवटच्या डी चा 'ट'. भ, ध, घ, ण, ळ यांची तर गोष्टच नको. या चाळणींतून जयंत, सुहास, विवेक, भार्गव असे एकापाठोपाठ गळाले. मिलिंदाचा मिलिंट झाला, तेव्हां मात्र आम्हांस वाईट वाटलें. मिनँडरपासून एवढा प्रवास करून आलेलें नांव शेवटच्या अक्षरावर ठेंचाळलें.

सोपीं नांवें नव्हतीं असें नाहीं. 'नील' होतें, पण त्याचा सोपेपणा असा कीं, ऐकणाऱ्यास नील आर्मस्ट्राँग आठवावा आणि मूल कोठलें हा प्रश्नच पडूं नये. कोणीं तें ठेवूं नये असें नाहीं. आमच्या नातवाचें नको, एवढेंच. आमच्या मुलीनें 'आर्यन' सुचविलें. उच्चारास निर्वेध. पण ज्या देशांत १९३३ सालीं 'आर्य' नसलेल्यांस सरकारी नोकरींतून काढण्याचा कायदा झाला, आणि पुढें तोच भेद लक्षावधि माणसांच्या जिवावर उठला, तेथील शिक्षकानें हजेरी घेतांना हें नांव कोणत्या स्वरांत उच्चारावें? शब्द आमच्याकडे निर्मळ आहे खरा, तेथें नाहीं.

खरी पंचाईत घरांतच होती. आमच्या मातोश्रींचें वय ब्याण्णव. पणतू झाला म्हणजे त्याचें नांव विठ्ठल, म्हणजे आमच्या तीर्थरूपांचें, हें त्यांनीं गृहीतच धरलें होतें. जर्मन तोंडीं विठ्ठलाचें 'विटाल' होतें. तसा एक शब्द त्या भाषेंत आहेच, आणि त्याचा अर्थ चैतन्यानें भरलेला, असा मोठा चांगला आहे. सूनबाईनें तो आनंदानें सांगितला. मातोश्री म्हणाल्या, "विटाळ? माझ्या पणतवाला रोज विटाळ म्हणून हांक मारणार?" यावर कोणाजवळ उत्तर नव्हतें. थोड्या वेळानें त्याच म्हणाल्या, "अरे, ह्यांना तरी विठ्ठल कोण म्हणत होतें? सासूबाईंचा विठू, आळींत विठूनाना, शाळेंत व्ही. के." टिळकांचेंहि ठेवलेलें नांव केशव, घरांतलें 'बाळ' तेंच जगाच्या तोंडीं राहिलें. ज्ञानेश्वरांचे ज्ञानोबा आणि तुकारामाचा तुका झाला, तेव्हां कोणा जर्मनाची भीड नव्हती.

नामकरणांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशीं चार नांवें असतात. त्यांतील देवतेचें नांव आम्हीं मातोश्रींच्या पदरांत टाकलें. व्यवहारासाठीं 'मुकुल' ठरलें. जर्मन यू म्हणजे निखळ 'उ', त्यामुळें बिघडावयास जागाच नाहीं. इंग्लंडांत त्याचेंच 'म्यूकल' होण्याचा संभव आहे. पण सगळ्या जगाच्या जिभेचा ठेका घेणें आम्हांस शक्य नव्हतें. अक्षरें तीन, म्हणजे पारस्कराच्या हिशेबीं नापास.

आत्याबाईंनीं पुण्यांतून पडद्यापुढें वांकून 'कुर्र' केलें, भोंवतालच्या बायकांनीं त्यांच्या पाठींत धपाटेहि घातले. म्युनिकमध्यें बाळ निजलेलेंच होतें. मातोश्री त्याला विठू म्हणतात.

पुढल्या आठवड्यांत, आमच्याकडे दिवेलागणीची वेळ असतां, ज्ञानेशाचा फोन आला. तो नोंदणीच्या कचेरींतून नुकताच बाहेर पडला होता. तेथील बाईंनीं अर्ज हातीं घेऊन तपासण्यासाठीं मोठ्यानें वाचला. "मुकुल. एका दमांत, बाबा, आणि बरोबर." त्याखालीं बापाचें नांव होतें, तेथें बाई थबकल्या, ओशाळल्या आणि त्याच्याकडे पाहूं लागल्या. या खेपेस त्यानें डॅनी सांगितलें नाहीं. ज्ञानेश असें तीनदां म्हणून दाखविलें, आणि तिसऱ्या वेळीं बाईंना तें बहुतेक जमलें.