डमडमची तबकडी आणि जुनं सॉफ्टवेअर

कोलकात्याचं डमडम म्हटलं की विमानतळ आठवतो. पण जेसोर रोडवर ग्रामोफोन कंपनीचा कारखाना 1928 मध्ये आला, आणि आजोबांच्या कपाटातल्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या बऱ्याचशा इथल्याच. तशी जुनी तबकडी फ्री स्कूल स्ट्रीटवर घेतली की ती तुमची. कुणाला विचारायला नको.

डमडमहून मेट्रोने थेट चांदनी चौकात उतरा. इथे जुने कॉम्प्युटर मिळतात. सॉफ्टवेअरला मात्र तबकडीचा न्याय लागत नाही. पैसे मोजून हाती येते ती सीडी; वापरायची परवानगी, म्हणजे लायसन्स, वेगळंच. कॉम्प्युटरसोबत आलेल्या विंडोजचं ओईएम लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं. मशीनसकट घ्या, नुसता स्टिकर नको. सुटं रिटेल लायसन्स दुसऱ्याला देता येतं, पण आधीच्या मालकाने आपल्या मशीनवरून ते काढलेलं हवं.

बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बीखाली 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड! धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, एवढाच दिलासा. म्हणून पक्कं बिल मागा. दुकानदार ‘बिल कशाला?’ म्हणाला, तर तिथला मातीच्या भांड्यातला चहा प्या आणि पुढच्या दुकानात जा.