कॅमेरा की नळे?

गेल्या चवथीला माटोळी उतरवताना वर हात गेला आणि पश्चिमेकडचा एक वासा मऊ लागला. अंगठ्याने दाबला तर भुगा हातात आला. वाळवी! सुतार येऊन बघून गेला आणि त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला चहा द्यायचंही विसरले. वासे, रिपा, फुटलेले नळे, मजुरी, सगळं मिळून जवळजवळ तेवढीच रक्कम, जी मी निवृत्तीनंतर एका कॅमेऱ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. हा योगायोग मला मुळीच आवडला नाही.

आता कॅमेऱ्याचं सांगते. आमच्या बाबांकडे एक जर्मन बनावटीचा कॅमेरा होता, 1959 साली मडगावच्या बाजारात घेतलेला. त्या काळात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, तरी खाणींचा पैसा होता आणि सगळा माल बोटीने परदेशातून यायचा. त्यामुळे घरात तूरडाळीची चणचण, पण मनगटावर स्विस घड्याळ, असा चमत्कारिक प्रकार होता. त्या सुकाळातला हा कॅमेरा. आकाराने साबणाच्या वडीहून थोडा मोठा, आणि रेंजफाइंडर जातीचा. ही जात ज्यांनी वापरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं.

रेंजफाइंडरमध्ये आपण भिंगातून बघत नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या अंगाला एक स्वच्छ काचेची खिडकी असते, तिच्यातून बघतो. बाजूला काही अंतरावर दुसरी बारकी खिडकी असते. तिच्यातून दिसणारं चित्र पहिल्या चित्राच्या मध्यभागी एका लहान चौकोनात येऊन पडतं. म्हणजे समोरच्या माणसाची नाकं दोन दिसतात! भिंगाची कडी फिरवली की आतल्या एका दांडीला रेटा बसतो आणि दुसरं चित्र सरकू लागतं. दोन नाकांचं एक नाक झालं की फोकस बरोबर. बस्स, एवढंच तंत्र. आरसा नाही, त्यामुळे आरसा उडण्याचा आवाज नाही आणि फोटो घेण्याच्या क्षणी डोळ्यांपुढे येणारा अंधारही नाही. शिवाय खिडकीत चित्राची चौकट रेघांनी आखलेली असते आणि रेघांच्या बाहेरचंही दिसत असतं. चौकटीत कोण येतंय हे ते यायच्या आधी कळतं.

ही शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीने महत्त्वाची. आमच्या वाड्यावर पौषात धालो होतात. मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेत हात गुंफून, गात गात एक रांग पुढे येते, वाकते, मागे जाते, मग दुसरी. गेली कित्येक वर्षं आमच्या मांडावर पहिली ओळ उचलते ती माझी मावशी. आता ती शहाऐंशी वर्षांची आहे. गाणी लिहून घेतली आहेत, आवाजही टेप केला आहे. पण ओळ उचलण्याआधी ती क्षणभर मान खाली घालते, ओठ हलवते आणि मगच आवाज काढते. तेवढं मात्र कुठेच नाही. ते मला हवं आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी मोठा एसएलआर घेऊन गेले होते. पहिला फोटो काढला. खटॅक! रांगेतल्या पंधरा बायकांनी एकदम माझ्याकडे बघितलं, चौघींनी पदर सारखा केला आणि मावशीचे शब्द चुकले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तो व्हडलो नाका गे बाय, तुज्या बापायलो ल्हानसो कॅमेरो हाड." बाबांचा लहानसा कॅमेरा! तिने तो पाहिला होता, तिच्या लग्नात त्याच कॅमेऱ्याने फोटो काढले होते. तो आजही चालतो, शटर मऊ पडतं. पण त्याला लागते फिल्म, आणि मांडावरच्या एकुलत्या दिव्याच्या उजेडात सहज मिळणारी रंगीत फिल्म पुरत नाही. धुवायला ती मुंबईला पाठवायची आणि महिन्याने कळायचं की सगळं काळं आहे.

भाचा संगणकातला. तो म्हणाला, "मावशी, एवढा विचार कसला? मिररलेस घे. आवाज शून्य." त्याचाच कॅमेरा गेल्या पौषात नेऊन बघितला. आवाज खरंच शून्य. पण वाड्यावर आता एलईडीचे दिवे लागले आहेत, आणि मूक इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. दिव्याच्या लुकलुकीमुळे फोटोवर आडवे पट्टे उमटले, मावशीच्या नऊवारीवर आणखी एक नऊवारी नेसवल्यासारखे. शिवाय डोळ्याला लावलेल्या पडद्याचा उजेड माझ्याच तोंडावर पडत होता, अंधारात भुतासारखा. त्याचा कॅमेरा वाईट नाही, त्याने लग्नात काढलेले फोटो उत्तम आहेत. पण माझी गरज निराळी होती.

म्हणून डिजिटल रेंजफाइंडर. आणि इथून माझी खरी झोप उडाली, कारण या जातीचा इतिहास वाचायला घेतला.

पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाने नव्हे, एप्सनने काढला. होय, तीच प्रिंटरवाली कंपनी! 2004 साली आला तो आर-डी1. अंग कोसिनाचं, सेन्सर 6 मेगापिक्सेलचा, आणि गंमत म्हणजे फिल्म नसूनही शटर भरायला बोटाने दांडी ओढायची. माथ्यावर घड्याळासारखे काटे, किती फोटो उरले आणि बॅटरी किती आहे ते दाखवणारे. मी त्याच्या प्रेमातच पडले होते. मग 2006 साली लायकाचा एम8 आला. त्यात काळे कृत्रिम धाग्याचे कपडे जांभळे दिसू लागले, कारण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सेन्सरपर्यंत पोचत होता. कंपनीला गिऱ्हाइकांना भिंगावर लावायचे फिल्टर फुकट वाटावे लागले. 9 सप्टेंबर 2009 रोजी एम9 आला. पूर्ण 35 मिमी चौकटीचा सेन्सर, 18 मेगापिक्सेल, रंग असे की आजही लोक त्याच्या आठवणी काढतात. आणि काही वर्षांनी त्याच्या सेन्सरवर डाग दिसू लागले. धूळ नव्हे, गंज. सेन्सरवरच्या काचेला दमट हवा खात होती. 2014 साली कंपनीने दोष मान्य केला, बराच काळ सेन्सर फुकट बदलून दिले, मग पैसे घेऊन, आणि पुढे बदलायला सुटे सेन्सरच उरले नाहीत.

हे सगळं का झालं याचं कारण मला फार रंजक वाटलं. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळे भिंग सेन्सरच्या अगदी जवळ बसतं. लायकाच्या एम जातीत भिंगाच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर फक्त 27.8 मिलिमीटर. म्हणून तर कॅमेरा एवढा लहान. पण त्यामुळे कडेचे किरण सेन्सरवर फार तिरपे पडतात, आणि वर जाड काच असली तर कडा धूसर होतात. म्हणून काच पातळ ठेवावी लागली. एम8 मध्ये ती अर्ध्या मिलिमीटरची होती, तर अवरक्त प्रकाश आत शिरला. एम9 मध्ये तो अडवणारी प्रभावी काच वापरली, तर तिला दमटपणा सोसेना. ज्या गुणासाठी कॅमेरा घ्यायचा त्याच गुणाच्या पोटी दोन्ही दुखणी! आमच्याकडे म्हणतात तसं, देवळाच्या वाटेवरच काटा.

आणि दमटपणा म्हणजे गोवा. ज्या घरात जुलैमध्ये मीठ पाझरतं, चामड्याच्या चपलांवर हिरवी लव येते आणि पापड तळल्यावर कढईतून ताटात येईपर्यंत मऊ होतात, त्या घरात हवेने गंजणारा कॅमेरा आणायचा? बाबा आपला कॅमेरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, तळाशी भाजलेले तांदूळ, त्यावर मलमल. तांदूळ दर पंधरा दिवसांनी आई पुन्हा भाजायची आणि दर वेळी विचारायची की यात घरातलं माणूस किती वेळा जेवलं असतं. पण कॅमेरा टिकला. तरीसुद्धा त्याच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी एकदा आलीच होती.

एक एम9 मला परवडण्यासारख्या किमतीत मिळत होता, सेन्सर बदललेला आहे असं विकणाऱ्याचं म्हणणं. दोन महिने मी फक्त गंजाचा विचार करत होते. बदललेल्या सेन्सरची काच नवी असते का, असते. तो टिकतो का, टिकतो म्हणतात. एके दिवशी मात्र माझ्या लक्षात आलं, मी भलत्याच प्रश्नाला धरून बसले आहे. एम9 ची संवेदनशीलता आयएसओ 2500 वर संपते आणि त्याआधीच चित्रात कण दिसू लागतात. आर-डी1 तर 1600 वरच थांबतो. माझा फोटो आहे रात्री साडेदहाचा, पिवळ्या दिव्याचा, हलणाऱ्या बायकांचा. गंजला नाही तरी तो कॅमेरा माझ्या उपयोगाचा नव्हता! दोष शोधण्याच्या नादात माणूस काम विसरतो, ते असं.

मग उरला 2017 चा एम10. अंधारात बरा, 24 मेगापिक्सेलचा, फिल्मच्या कॅमेऱ्याएवढाच जाड. त्यानंतरचा 2022 चा एम11 माझ्या ऐपतीबाहेर, आणि सुरुवातीला तो मध्येच गोठतो अशी वापरणाऱ्यांची तक्रार होती, पुढे कंपनीने त्यासाठी सुधारणा दिल्या. बेळगावात एक गृहस्थ लग्नांचे फोटो काढतात, त्यांना आपला एम10 विकायचा होता. नोव्हेंबरात चोर्ला घाटातून गेले. बरोबर प्रश्नांची वही होती, मास्तरकी काही सुटत नाही.

त्यांनी चहा दिला, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि बाजूला बसले. मी गच्चीवर जाऊन लांबच्या मोबाईल टॉवरवर भिंग अनंतावर लावलं, दोन टॉवरचा एक झाला. खालीवरही सरकलेला नव्हता. मग दहा फुटांवरच्या तुळशीवर, मग टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या ओळीवर. भिंगाचं तोंड एफ16 पर्यंत मिटवून कोऱ्या आभाळाचा फोटो घेतला आणि मोठा करून डाग शोधले. दोन ठिपके होते, फुंकणीने हवा मारल्यावर गेले. धूळच. आणि एक परीक्षा माझी स्वतःची होती. या कॅमेऱ्यांच्या खिडकीला चष्म्याचा नंबर फिरवून जुळवायची सोय नसते. मागच्या वर्षी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तेव्हापासून लांबचं लख्ख दिसतं. दोन प्रतिमा एक होताना मला दिसतात का? दिसल्या. खरं सांगायचं तर तिथे गच्चीवर माझे डोळे किंचित भरून आले, आणि प्रतिमा पुन्हा दोन झाल्या.

"हा बंद पडणार नाही ना?" मी विचारलं. प्रश्न बावळट होता. ते म्हणाले, "बाई, माझ्याकडे पाच वर्षांत पडला नाही. उद्या पडणार नाही असं मी लिहून देणार नाही. पडलाच तर दुरुस्तीला गोव्याबाहेर पाठवावा लागेल, कदाचित देशाबाहेर, आणि महिने जातील." ही प्रामाणिक भाषा मला आवडली. मी विचार करून सांगते म्हणाले आणि रिकाम्या हाताने परतले.

घरी न जाता सरळ मावशीकडे गेले. तिला सेन्सर वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता. विचारलं, ऐन धालोच्या रात्री कॅमेरा बंद पडला तर काय करायचं गे? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सात राती आसतात मगे. एके रातीं ना जाल्यार दुसरे रातीं काड." सात रात्री असतात! मग थोड्या वेळाने, खडा बाजूला टाकत, तिने विचारलं, यंदा सातही रात्री तिला उभं राहता येईल असं मला वाटतं का. मी हो म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तांदळाला लागली.

रात्री बेळगावला फोन केला. तिसऱ्या दिवशी जाऊन कॅमेरा घेऊन आले, भिंग कोसिनाचं 35 मिमी फोक्टलेंडर, त्यातल्या त्यात स्वस्त. बाबांचा पत्र्याचा डबा घासून उन्हात ठेवला. तांदळाबरोबर आता सिलिका जेलच्या पुड्याही असतील, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तापवायच्या. पण तांदूळ भाजलेच, आईला उगाच वाटायला नको.

सुताराला सांगितलं, यंदा फक्त पश्चिमेची बाजू. तो म्हणाला, "आणि पूर्वेकडे गळलं तर, बाई?" म्हटलं, बालदी ठेवीन. डबा मात्र पश्चिमेच्या खोलीत हलवला आहे.