दोन सेकंदांचं दार

लॅपटॉपचं बटण दाबलं की पडदा काळा होतो, त्यावर कंपनीचं नाव उमटतं आणि थोड्या वेळानं विंडोज येतं. तेवढ्यात आपण गॅसवरचं दूध बघून येतो. त्या मधल्या एक-दोन सेकंदांत मशीनचं एक आतलं दार उघडं असतं, हे मला 63व्या वर्षी कळलं. कळल्यावरही आत जायला सहा संध्याकाळी लागल्या. आमच्याकडं सूर्यास्ताआधी जेवण आटोपतं, त्यामुळं संध्याकाळ मोठी असते, तेवढं बरं.

हा लॅपटॉप ह्यांनी 2016 साली घेतलेला, निवृत्तीच्या पैशातली पहिली चैन. त्यावर ह्यांनी आमच्या घराण्याची वंशावळ करायला घेतली होती. सात पिढ्या जमवल्या. तीन वर्षांपूर्वी हे गेले आणि लॅपटॉप मी उघडायला लागले. माझं लिखाण, बिलं, नातवाचे फोटो, सगळं त्यात. सुरू केला की आधी ह्यांचं नाव यायचं, मग पासवर्ड विचारायचा. खातं ह्यांच्याच नावाचं राहिलं होतं आणि मीही ते बदललं नव्हतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. पुढची आवृत्ती या लॅपटॉपवर बसत नाही, त्याचा प्रोसेसर त्या यादीत नाही. टिळकवाडीतल्या दुकानात नेला तर पोरगा म्हणाला, “काकू, ह्यात काय राहिलं नाही. भंगारात घाला आणि नवीन घ्या की.” बेंगळूरहून मुलगा म्हणाला, “आई, मी नवा पाठवतो. तू कशाला त्यात डोकं घालतीस?” प्रेमानंच म्हणाला. पण दोघांच्या बोलण्याचा सूर एकच होता. पडदा नीट, कीबोर्ड नीट, स्पेसबार तेवढी अंगठ्यानं गुळगुळीत झालेली. झाकण मिळेना म्हणून चांगलं पातेलं कुणी मोडीत घालतं का?

पुण्याच्या भाचीनं वाट दाखवली. “मावशी, लिनक्स घाल त्यात.”

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी दुसरी व्यवस्था. 1991 साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या 21 वर्षांच्या मुलानं तिचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. पुढं जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे. म्हणजे मैत्रिणींनो, आपण लिनक्स रोज वापरतोच, फक्त कुणी ओळख करून दिलेली नसते. त्यातला लिनक्स मिंट नावाचा प्रकार 4 जीबी मेमरीच्या जुन्या मशीनवरही चालतो, आणि पैसे पडत नाहीत.

पेनड्राइव्ह तयार करणं सोपं निघालं. साधारण तीन जीबीची फाईल उतरवायची आणि एका छोट्या प्रोग्रॅमनं ती पेनड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते जातं. भाचीनं त्याआधी दोन गोष्टी करून घेतल्या. एक, सगळ्या फाईली बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायच्या. दुसरी, डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे का बघायचं, कारण असेल तर आतल्या सेटिंग्ज बदलल्यावर ते 48 आकडी किल्ली मागू शकतं आणि किल्ली नसेल तर फाईली गेल्याच. आमच्यात कुलूप नव्हतं. वंशावळीची आणखी एक प्रत मी मुलाला पाठवून ठेवली. पाठवताना पहिल्यांदाच ती नीट उघडून बघितली.

आता लॅपटॉपला सांगायचं होतं, की बाबा, आज आतल्या डिस्कवरून उठू नकोस, पेनड्राइव्हवरून ऊठ. हे विंडोजला सांगून भागत नाही. मशीनच्या मुख्य पाटीवर एक चिप असते, तिच्यात कंपनीनं भरून दिलेला प्रोग्रॅम असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या मशीनवर तो बायोस होता, आता यूईएफआय आहे, पण दुकानात अजून सगळे बायोसच म्हणतात. बटण दाबल्यावर पहिला जागा होतो तो हा. मेमरी आहे का, डिस्क आहे का बघतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. घरात सगळ्यांच्या आधी उठून पाणी तापवणारी बाई असते ना, तसा. आणि तिच्यासारखाच कुणाच्या नजरेला येत नाही.

त्याच्या सेटिंग्जमध्ये शिरायचं बटण ज्याचं त्याचं वेगळं. कुठं एफ-2, कुठं एफ-10, कुठं डिलीट, कुठं एस्केप. काही लॅपटॉपना तर कडेला टाचणीनं दाबायचं बारीक भोक असतं. पहिल्या संध्याकाळी मी एफ-2 दाबत बसले, दुसऱ्या संध्याकाळी एफ-12. “पडदा लागायच्या आधीपासून टकटक करत रहा, मावशी.” टकटक केली. विंडोज यायचं आणि ह्यांचं नाव दाखवायचं. “कोपऱ्यातली एफएन धरून दाब.” तेही केलं. पुन्हा ह्यांचं नाव. चौथ्या दिवशी दुकानात नुसतं विचारायला गेले, तर पोरगा म्हणाला, “बायोसमध्ये जाऊ नका हं काकू, मशीन मरतंय.” मेलं म्हणून भंगारात घाला सांगणारा हाच. आता मरायची भीती कुणाला?

पाचव्या संध्याकाळी भाचीला कारण सापडलं. विंडोज 8 पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी मशीन पुरतं बंद होत नाही. लवकर सुरू व्हावं म्हणून ते आपला गाभा डिस्कवर तसाच ठेवून झोपतं. अशा झोपेतून उठताना काही लॅपटॉप बटणांकडं बघतच नाहीत. खरं बंद होऊन उठायला ‘रीस्टार्ट’ म्हणावं लागतं. हे असं उलटं नाव कुणी ठेवलं कोण जाणे!

मग सहाव्या संध्याकाळी बटणांची शर्यतच सोडली. शिफ्ट दाबून धरली आणि ‘रीस्टार्ट’वर क्लिक केलं. निळं पान आलं. त्यात ट्रबलशूट, त्याच्या पोटात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्याच्या पोटात यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. एंटर. पडदा काळा झाला आणि एक जुनाट, चौकटींचं पान उघडलं. माऊस चालत नव्हता, बाणाच्या बटणांनी फिरायचं. तिथं घड्याळ होतं, मशीनचा नंबर होता, मेमरी किती ते होतं. आणि एका ओळीत लिहिलं होतं: एफ-12 बूट मेन्यू, डिसेबल्ड. मी दुसऱ्या दिवसापासून ज्या दारावर टकटक करत होते, त्याला आतून कडी होती. कंपनीनंच तशी घालून दिलेली.

ती ओळ ‘एनेबल्ड’ केली आणि एफ-10 दाबून जतन केलं. शेजारी ‘सिक्युअर बूट’ होतं. सहीशिक्क्याचेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारा तो दारवान. पुष्कळ जण लिनक्स घालताना तो आधी बंद करतात. मिंटजवळ चालणारा शिक्का असतो, म्हणून आम्ही त्याला राहू दिलं. पेनड्राइव्ह लावला, एफ-12 दाबलं, आणि या वेळी यादी आली.

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. दोन दिवस तसंच वापरलं. वायफाय लागलं, आवाज आला, मराठी इनस्क्रिप्टही मिळालं. मग ‘इन्स्टॉल’. तिथं एक पान येतं: विंडोजच्या शेजारी बसवू, की डिस्क पुसून बसवू? भाची म्हणाली, “दोन्ही ठेवता येतंय मावशी, तुझी इच्छा.” मी त्या पानावर लॅपटॉप तसाच सोडून उठले. पुसलं तर ह्यांचं खातं जाणार, रोज सकाळी येणारं ते नाव जाणार. ठेवलं तर लॅपटॉप अर्धा ह्यांचा, अर्धा माझा, आणि मी मधल्या दारात. बाहेर जाऊन तुळशीपाशी जरा बसले. परत आले, पेनड्राइव्ह काढून विंडोज सुरू केलं आणि ह्यांच्या नावाच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो घेतला. मग पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा एफ-12, आणि ‘पुसा’वर खूण.

पुढच्या पानावर विचारलं, आपलं नाव काय? मी माझं लिहिलं. वीस-पंचवीस मिनिटांत झालं.

वंशावळ लिब्रेऑफिसमध्ये उघडते. फक्त दोन ठिकाणी चौकटी सरकल्या होत्या, त्या नीट केल्या. मुलाला पाठवताना जे दिसलं होतं तेही आता हातात घेतलंय. सात पिढ्यांत मुलग्यांची नावं आहेत आणि मुलींपुढं नुसते आकडे: मुली 2, मुली 4. ह्यांना दोष नाही, ह्यांना जशी सांगितली तशी ह्यांनी उतरवली. आत्तापर्यंत अकरा नावं मिळालीत. चौथ्या पिढीतल्या त्या चार मुलींपैकी तिघींचा पत्ता लागला. चौथीचं नाव शेडबाळच्या एका नव्वदीतल्या काकूंना ठाऊक असेल म्हणतात. त्यांना ऐकू कमी येतं, फोनवर जमत नाही. रविवारी जायचं ठरवलंय. लॅपटॉप बरोबर नेणार आहे.