दांडग्या कुत्र्याला पट्टा कुठला घ्यावा?

आज पिकाचं नाही, राखणदाराचं लिहितोय. कुत्रं फार ओढतंय, पट्टा कुठला घेऊ, असं बरेच जण विचारतात.

आमचा शेरू दीड वर्षाचा, कारवानची मिसळ, वजन तीसेक किलो. दुधवाल्याची मोटारसायकल दिसली की झेप घ्यायचा. मला आवरायचा, पण घरातल्या बायामाणसांच्या हातातनं साखळी निसटायची. वस्तीवरच्या रस्त्यानं शाळेची पोरं जातात. एखाद्याला चावलं तर त्या लेकराला रेबीजची इंजेक्शनं आणि शेजारधर्म कायमचा तुटला. बरं, दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवावं तर कुत्रं जास्तच चिडकं होतं. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हाही आहे.

दुकानात पहिल्यांदा फासाची साखळी दाखवतात. ती ओढेल तशी आवळत जाते, थांबायचं नाव नाही. श्वासनळीवर दाब येतो, आणि तिच्यावर बांधून ठेवलेलं कुत्रं कुठं अडकलं तर फाशीच बसते. दुसरा आतून दात्यांचा पट्टा, तिसरा विजेचा झटका देणारा. हे तिन्ही मी घेतले नाहीत. कारण साधं आहे. मोटारसायकल दिसली आणि त्याच वेळी मान दुखली, तर कुत्रं राग मोटारसायकलीवरच काढणार.

आमच्या जुन्नर भागात बिबट्यासाठी बाहेरून खिळ्यांचा पट्टा घालतात. तो रात्रीच्या राखणीचा, शिकवायचा नव्हे. खिळ्यांची बुडं आत टोचू नयेत म्हणून खाली जाड चामडं लागतं, आणि सकाळी पोरं उठायच्या आत तो काढायचा.

कारवानची मान लांब, डोकं निमुळतं. साधा पट्टा डोक्यावरनं सरकून निघतो. त्यासाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा येतो. ओढलं की ठरावीक इतकाच आवळतो, पुढं नाही. फिरवताना हा वापरतो, बांधायला मात्र दीड इंच रुंद बकलाचा साधा पट्टा. बकलाच्या पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कडी जोड दिलेली बघा, नुसती वाकवलेली कडी झटक्यानं उघडते. साखळीला फिरकी हवीच, नाहीतर पीळ बसतो. चामडं पावसाळ्यात भिजून कुजतं, तेव्हा नायलॉन बरं.

पण पट्टा कुत्र्याला धरून ठेवतो, शिकवत नाही. शिकवावं आपणच. कासरा सारखा ताणून धरला तर बैलही ताणतो, तसंच हे. ओढलं की जागेवर उभं राहायचं. दोरी सैल झाली की भाकरीचा तुकडा द्यायचा आणि पुढं चालायचं. मोटारसायकल आधी लांबनं दाखवायची, गप्प राहिलं की तुकडा, मग रोज थोडं जवळ. सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं केलं. दीडेक महिन्यानं आमची सूनबाई त्याला बांधावरनं फिरवून आणू लागली. दुधवाला आला की शेरू आता तिच्या हाताकडं बघतो.

आणि एक, दर आठवड्याला पट्टा काढून खाली बघा. गोचीड तिथंच लपते. वाढत्या पिल्लाचा पट्टा वेळेवर सैल केला नाही तर कातड्यात रुततो.