बाळंतिणीला झोप लागते का?

मायबहिणींनो, बाळंतिणीचं खाणंपिणं कसं करावं हे आपल्यापैकी कुणाला शिकवावं लागत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेक-शेगडी, अंगाला तेल, डोक्याला फडकं, सगळं ठरलेलं. गरिबातल्या गरिबाच्या घरीही तेवढ्यापुरतं तूप बाजूला निघतं. पोरीची कंबर सांभाळतो, दूध सांभाळतो. तिच्या मनाचं मात्र कुणी विचारत नाही, आणि ती आपण होऊन सांगत नाही. पाळणा हललेला असतो, घर आनंदात असतं. त्या आनंदात ‘मला जगणं नको झालंय’ असं तिनं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

रडू येणं म्हणजे आजारच असं नव्हे, हे आधी सांगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पाचवी पुजायच्या सुमारास, पुष्कळ बाळंतिणी उगाच रडतात. गरोदरपणी अंगात वाढलेले हार्मोन एकदम उतरलेले असतात, जागरण असतं, टाके दुखत असतात. हे रडू दहा-पंधरा दिवसांत ओसरतं. जवळ बसावं, पाठीवरून हात फिरवावा, एवढं पुरतं. पण पंधरा दिवस उलटले तरी तोंड उजळत नाही, अन्नावरची वासना गेली, बाळाकडे बघून न बघितल्यासारखं करते, किंवा उलट बाळाला काही होईल या धास्तीनं रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसते, तर तो आजार समजावा. ते सोंग नव्हे आणि माजही नव्हे.

मी एक खूण धरते. बाळ झोपलं की तिला झोप लागते का? बाळानं जागवलेली बाई सवड मिळताच मेल्यासारखी झोपते. बाळ गाढ झोपलंय, घर शांत आहे, अंग मोडून आलंय आणि तरी डोळ्याला डोळा लागत नाही, तर तिच्याकडे लक्ष द्यायला हवं.

आमच्या पुतणीचं असंच झालं. पहिलटकरीण, माहेरी आलेली. बाळंतपण माघात, शाळूची काढणी ऐन भरात. मजूर मिळेनात. सकाळी सगळं घर रानात आणि ती पोर बाजेवर बाळासह एकटी. उशाशी पाण्याचा तांब्या, दोन भाकरी झाकून ठेवलेल्या. यात मी कुणाला बोल लावत नाही. पिकाला थांब म्हणता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी तिला न्हाऊ घालायला गेले. तेल लावताना ती म्हणाली, “काकी, हे रडतं ना, तेव्हा दुसऱ्या कुणाचं पोर रडतंय असं वाटतं.” डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. मला त्या कोरड्या डोळ्यांचंच भय वाटलं. थेट विचारलं, “मरावंसं वाटतं का गं?” बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “विहीर डोळ्यापुढं येते.”

असं विचारलं तर नसतं ते मनात भरेल, अशी पुष्कळांना भीती वाटते. तसं होत नाही. विचारलं की आतलं बाहेर यायला वाट मिळते. त्याच संध्याकाळी दिरांनी गोठ्यातली फवारणीची औषधं पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या करदोट्याला बांधली. तिला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही असं ठरलं. रोज घरातलं एक माणूस रानातून कमी झालं. काढणी आठ दिवस लांबली. लांबेना का.

दुसऱ्या दिवशी आशाताईला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तिथून जिल्ह्याला मनाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी रक्त तपासलं. अंगात रक्त कमी असलं किंवा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडलं, तरी बाळंतीण अशीच मरगळते. रक्त कमी निघालंच, पण दुखणं तेवढंच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. आमच्या जाऊबाईंचा पहिला प्रश्न, “मग बाळाला वरचं दूध घालायचं का?” तशी गरज पडली नाही. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या असतात, फक्त बाळ अंगावर पितं हे डॉक्टरांना सांगायचं. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. रात्री ती दूध पिळून वाटीत ठेवी, आजी ते चमच्यानं बाळाला पाजी, म्हणजे पोरीला सलग चार-पाच तास झोप मिळे. मला विचाराल तर त्या झोपेचा गोळ्यांइतकाच गुण आला. जावई दर रविवारी येऊ लागले. त्यांना बाळाचे लंगोट बदलताना पाहून शेजारच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या. जावयांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

हे आमच्याच घरात घडलं असं नाही. गोव्यातल्या एका अभ्यासात, जो २००२ साली प्रसिद्ध झाला, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ आयांना हा उदासीचा आजार आढळला. त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणीच खचलेलं होतं, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. घरची ओढगस्त आणि नवऱ्याशी न पटणं ही मोठी कारणं होती. मुलगी झाली असेल तर मारहाणीचा आणि उपासमारीचा घाव आणखी खोल गेलेला दिसला. म्हणून डोहाळे पुरवतानाच पोरीला मनाचंही विचारावं. आणि ‘यंदाही मुलगीच’ असं तिच्या कानावर जाईलसं बोलणाऱ्या तोंडाला घरातल्यांनीच आवरावं. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, हे शेतकऱ्याच्या घरात तरी समजावून सांगावं लागू नये.

एका प्रकारात मात्र पंधरा दिवस थांबायचं नसतं. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला बहुधा पहिल्या पंधरवड्यातच एकाएकी भ्रम होतो. दोन-दोन रात्री झोप नाही, असंबद्ध बडबड, कुणी विष घालतंय असा संशय, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळ आपलं नव्हेच असं म्हणणं. आपल्याकडे म्हणतात, बाहेरचं झालं, वारं लागलं. अंगारा लावायचाच असेल तर गाडीत बसल्यावर लावा, पण १०८ ला फोन आधी करा. बाळाला एकट्या तिच्याजवळ ठेवू नये आणि तिला कोंडूही नये. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. वेळेवर उपचार झाले तर या बायका चांगल्या बऱ्या होतात. पुढच्या खेपेला पुन्हा होण्याचा संभव असतो, म्हणून दिवस राहिले की डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं.

दवाखाना लांब असला तर १४४१६ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. टेलिमानस नावाची ही सरकारी सोय २०२२ साली सुरू झाली. रात्री-बेरात्री फोन केला तरी चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते. ती बाळाचं वजन करते, ताप बघते. तिला चहा द्या आणि पोरीशी दोन मिनिटं एकटीनं बोलू द्या. आईच्या किंवा सासूच्या देखत पोरी खरं सांगत नाहीत. पुढे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोर सासरी जाते. तिथली आशाताई वेगळी, तिला मागचं काही ठाऊक नसतं, आणि पोरीच्या मागे पुन्हा चूल, गोठा, रान लागतं. आमच्या पुतणीला पोचवायला गेलो तेव्हा बाळाच्या झबल्या-टोपड्यांबरोबर दवाखान्याचा कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी विहीणबाईंच्या हाती दिली. त्यांनी कोणती गोळी कोणत्या वेळेला ते धाकट्या मुलाकडून दोनदा वाचून घेतलं, आणि बाळाची झोळी स्वतःच्या खाटेशेजारी बांधायला सांगितली.