वाऱ्याच्या गावची फळी

स्पेनच्या मुख्य भूमीच्या अगदी दक्षिण टोकाला तारिफा आहे. समोर अवघ्या १४ किलोमीटरांवर आफ्रिकेचे डोंगर दिसतात. दोन खंडांच्या या फटीत वारा असा दाटतो की टोपी डोक्यावर ठरत नाही. पूर्वेकडचा तो लेव्हांते, पश्चिमेचा पोनिएंते. याच वाऱ्यावर भलामोठा पतंग चढवायचा, पायांत फळी अडकवायची आणि समुद्रावरून सुसाट धावायचे, ही इथली करमणूक!

माझा भाचा या नादी लागलेला. दुकानात दोन फळ्या पुढे आल्या. गाभा दोन्हींचा लाकडाचाच. पण एकीवर काचतंतूंचे कवच, दुसरीवर कार्बनचे. वजनात फरक जेमतेम किलोभराचा, किमतीत मात्र डोळे फिरवणारा.

"मामा, हलकीच घेऊ ना?"

दुकानदार हसून म्हणाला, "आधी दोन्ही पाण्यात नेऊन पाहा."

त्या दिवशी पोनिएंते सुटला होता, पाणी खळबळलेले. हलकी, ताठ फळी प्रत्येक लाटेवर आपटून उसळू लागली आणि भाचेबुवांनी तीनदा खारे पाणी प्यायले. जड फळी मात्र लाटा कापीत मुकाट चालली. सपाट पाण्यावर हलकीचा तोरा खरा: उडीत ती हवी तशी वळते, गुडघे शिणवत नाही. वारा मंद असेल तर मात्र वजनापेक्षा फळीची लांबीरुंदीच कामी येते.

ओठांवरचे मीठ पुशीत भाच्याने जड फळी काखेत मारली. "विमानात सामानाचे वजन वाढेल हं," मी म्हटले.

"वाढू दे, मामा. विमानात थोडीच तिच्यावर उभा राहणार आहे!"